सुंदरलाल होरांना छावणीत ओढू नका

भारतातील मत्स्यविद्येचा विषय निघाला की लगेच दोन छावण्या पडतात. एकीच्या मते सारे ज्ञान पोथ्यांत आधीच होते. दुसरीच्या मते १८२२ साली हॅमिल्टनचा गंगेतील माशांवरील ग्रंथ येईपर्यंत इथे नुसता अंधार होता. पहिली छावणी सुंदरलाल होरांचे लेख झेंड्यासारखे नाचवते. दुसरी ते उघडूनही पाहत नाही.

होरा (१८९६–१९५५) पंजाबातील हाफिजाबादचे. १९४७ मध्ये ते भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. डोंगरी ओढ्यांच्या वेगवान प्रवाहात खडकाला चिकटून राहणाऱ्या माशांची शरीररचना हा त्यांचा खास विषय.

उत्तरायुष्यात त्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र, अशोकाचा पाचवा स्तंभलेख आणि चालुक्य राजा सोमेश्वराचा 'मानसोल्लास' हाती घेतला. (हाच तो ग्रंथ, ज्यातील मराठी पदांचा आपल्याला अभिमान वाटतो, त्यातले गळाने मासे पकडण्याचे प्रकरण मात्र आपण वाचत नाही.) ठरावीक तिथींना मासे मारू वा विकू नयेत, ही अशोकाची आज्ञा होरांनी मत्स्यव्यवसायाचा कायदा म्हणून वाचली. पण पोथीतले नाव म्हणजे ओळख पटलेला मासा नव्हे. ग्रंथातले वर्णन प्रत्यक्ष माशाशी ताडून पाहायचे, तर आधी मासा ठाऊक हवा. होरांना तो ठाऊक होता. झेंडेवाल्यांनी नेमका हाच भाग गाळला आहे.

दुसऱ्या छावणीलाही सोडण्याचे कारण नाही. हॅमिल्टनने दिलेली शास्त्रीय नावे पाहा: रोहिता, कटला, मृगाला. ही नावे लंडनहून आली नव्हती. ती इथल्याच लोकांच्या तोंडची होती. जाळे टाकणाऱ्याला मासा ओळखता येत होता, म्हणूनच साहेबाला त्याची नोंद करता आली.

आता होरांचे भक्त टाळतात ती गोष्ट. सह्याद्रीतील काही मासे मलायाकडील माशांशी इतके जुळतात, की त्यांचे पूर्वज पूर्वेकडून सातपुड्याच्या रांगेने पश्चिमेस आले असावेत, असे होरांनी मांडले. हेच त्यांचे 'सातपुडा गृहीतक'. पुढील जनुकीय अभ्यासांनी त्यावर गंभीर शंका घेतल्या. घेऊ देत! ज्याचे म्हणणे तपासता येते, त्याच्याच म्हणण्यावर अशी शंका घेता येते. 'सारे पोथीत आहे' या विधानावर ती घ्यायची तरी कुठून? आणि मधला एवढा सपाट प्रदेश ओलांडून ओढ्यातला मासा सह्याद्रीत कसा पोहोचला, या होरांच्या प्रश्नाचा माग अभ्यासक अजून काढत आहेत.