विकलेला शनिवार

मेलबर्नमध्ये शनिवारची दुपार फूटीची, हे एकोणिसाव्या शतकापासून ठरलेलं. जुन्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचे सहाही सामने शनिवारी दुपारी एकाच वेळी सुरू होत आणि शहर सहा मैदानांत वाटलं जाई. ती लीग 1990 साली ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग म्हणजे एएफएल झाली, सामने गुरुवारपासून रविवारपर्यंत पांगले, तरी शनिवारचा मान गेला नाही. 2025चा हंगाम सुरू झाला तेव्हा मात्र व्हिक्टोरियातल्या घरांत सुरुवातीचे काही शनिवार चॅनल सेव्हन या फुकट वाहिनीवर सामनाच नव्हता. पाहायचा तर फॉक्सटेल, नाहीतर त्याचंच स्ट्रीमिंग भावंड कायो. दोन्हीकडे दरमहा वर्गणी. सेव्हनला बदल्यात गुरुवारच्या रात्री मिळाल्या. दुसऱ्या दिवशी शाळा असलेली पोरं गुरुवारी किती वाजेपर्यंत जागणार, हा प्रश्न कुठल्याच करारात नसतो.

ऑस्ट्रेलियात फुटबॉल एक नाही. मेलबर्न, ॲडलेड, पर्थकडे एएफएलचा खास ऑस्ट्रेलियन खेळ म्हणजे फूटी, सिडनी-ब्रिस्बेनकडे एनआरएलची रग्बी लीग, आणि आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो तिसरा. तिन्हींच्या प्रक्षेपण हक्कांवर आज टीव्ही वाहिन्या आणि स्ट्रीमिंग कंपन्या तुटून पडल्या आहेत, आणि या झोंबाझोंबीत प्रेक्षकाचं भलंच होणार असं सांगणारे विद्वान तिथेही कमी नाहीत.

त्यांचा पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. एएफएलचे हक्क 2002 ते 2006 या पाच वर्षांसाठी सुमारे 50 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला गेले. पुढची पाच वर्षं 78 कोटी. 2012पासूनच्या पाच वर्षांना 125 कोटी, 2017पासूनच्या सहा वर्षांना 250 कोटी, आणि सप्टेंबर 2022मध्ये जाहीर झालेला 2025 ते 2031चा सात वर्षांचा करार 450 कोटींचा. हा पैसा क्लबांकडे, खेळाडूंच्या पगारात, महिलांच्या लीगमध्ये, गावोगावच्या मैदानांवर जातो. बोली लावणारे वाढले म्हणून भाव चढला, भाव चढला म्हणून खेळ वाढला. मग रड कसली?

रड अशी, की ही स्पर्धा एकाच दारात होते आणि ते दार प्रेक्षकाचं नव्हे. मंडईत तीच मेथी चार गाळ्यांवर मिळते म्हणून भाव उतरतो; इथे चार गाळेवाले शेताच्या बांधावरच चढाओढीने बोली लावतात, एकजण अख्खं शेत उचलतो आणि मंडईत मेथी फक्त त्याच्याकडे. बांधावर चढलेला भाव गिऱ्हाइकाच्या पिशवीतूनच वसूल होतो. लिलावातली स्पर्धा जितकी तीव्र, तितकी नंतरची मक्तेदारी महाग.

प्रीमियर लीगच्या ऑस्ट्रेलियातल्या चाहत्याला विचारा. 2016पर्यंत त्याचे सामने फॉक्स स्पोर्ट्सवर होते. मग ऑप्टस या टेलिफोन कंपनीने जास्त बोली लावून ते नेले आणि ऑप्टस स्पोर्ट काढलं. ऑगस्ट 2025मध्ये ऑप्टसने तो धंदा गुंडाळला आणि सामने नाइन समूहाच्या स्टॅन स्पोर्टवर गेले. खेळ तोच, संघ तेच, पण चाहत्याने तिसऱ्यांदा नवा पासवर्ड केला. त्यालाच घरच्या ए-लीगचे सामने बघायचे तर पॅरामाउंट प्लस, स्पॅनिश लीगसाठी बीइन, आणि फूटीची आवड असली तर वर कायो. याला ग्राहकाचं निवडस्वातंत्र्य म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

‘बोली चढली म्हणून खेळ वाढला’ हेही अर्धंच खरं. रग्बी लीगने या चढाओढीची किंमत साक्षात भोगली आहे. ऑस्ट्रेलियात पे-टीव्ही आला 1995 साली, आणि त्याच वर्षी माध्यमसम्राट मरडॉक यांच्या न्यूज कंपनीने स्वतःची ‘सुपर लीग’ काढायला खेळाडू आणि क्लब फोडायला सुरुवात केली. समोर जुनी लीग आणि तिच्या पाठीशी चॅनल नाइनचे मालक केरी पॅकर. दोघांनाही हवी होती सामन्यांची चित्रं. 1997 साली एकाच देशात एकाच खेळाच्या दोन वरिष्ठ स्पर्धा चालल्या आणि मैदानं ओस पडली. त्याच वर्षअखेर तह झाला, 1998 साली एनआरएल सुरू झाली, आणि तहाच्या अटीत संघ कमी करायचे ठरलं. 1908पासून खेळणारा साउथ सिडनी हा कष्टकरी वस्तीतला क्लब 1999च्या हंगामानंतर बाहेर काढला गेला. हजारो माणसं सिडनीच्या रस्त्यावर उतरली, कोर्टकचेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे 2002 साली तो परत आला. ज्या स्पर्धेने खेळ वाढतो म्हणतात, तिने हा क्लब जवळजवळ पुसला होता. एएफएलच्या बाजूलाही असंच. पे-टीव्हीचे हक्क गमावल्यावर सेव्हनला आपली ‘सी-सेव्हन’ वाहिनी 2002 साली बंद करावी लागली. त्यावर सेव्हनने सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना कोर्टात खेचलं, 2007 साली हरलं, आणि सर्व पक्षांचा मिळून खर्च वीस कोटी डॉलरच्या घरात गेला. न्यायमूर्ती सॅकव्हिल यांनी निकालपत्रातच या उधळपट्टीवर कोरडे ओढले आहेत.

दुसरा मुद्दा अधिक करडा: ज्याला बघायचंय त्याने पैसे मोजावेत, करमणूक काही पाणीपुरवठा नव्हे. मान्य, पण मग पैसे मोजण्याचं तत्त्व सगळ्यांनाच लावा. पर्थचं नवं स्टेडियम राज्य सरकारने बांधलं. टास्मानियाला एएफएलमध्ये संघ हवा तर होबार्टमध्ये छत असलेलं स्टेडियम उभारा, ही लीगची अट; त्यासाठी 2023 साली केंद्राने 24 कोटी डॉलर कबूल केले, उरलेला मोठा भार राज्यावर. शिवाय एएफएल आणि एनआरएल क्रीडासंस्था म्हणून आयकरातून मुक्त. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ते असं. टास्मानियातला करदाता स्टेडियमला पैसे देणार, आणि त्याच स्टेडियममधला सामना घरी बघायला पुन्हा लंडनच्या कंपनीला. हो, लंडनच्याच, कारण फॉक्सटेल एप्रिल 2025मध्ये डॅझोनकडे गेलं, आणि डॅझोनमध्ये सौदी सरकारी निधीच्या कंपनीनेही हिस्सा घेतला आहे. परकीय मालकाबद्दल मला सोवळं नाही. फॉक्सटेलच्या आधीच्या मालक न्यूज कंपनीचा कारभारही काही मेलबर्नच्या चाळीतून चालत नव्हता. पण देणाऱ्याने दोनदा द्यायचं आणि वर ‘फुकटे’ म्हणून ऐकून घ्यायचं, हे कोणत्या तत्त्वात बसतं?

आता माझ्याच बाजूचा एक लाडका गैरसमज. फुकट वाहिन्या म्हणजे खेळाच्या पाठीराख्या आणि पे-टीव्हीवाले लुटारू, अशी मांडणी ऐकायला गोड लागते. वस्तुस्थिती वेगळी आहे. कित्येक वर्षं सेव्हनवर शुक्रवारचा फूटी सामना थेट नव्हे, उशिराने दिसे. रविवारी नाइनवर रग्बी लीगचं तेच. रेडिओवर निकाल कळलेला माणूस टीव्हीसमोर बसून पहिला अर्धा भाग बघतोय, ही गोष्ट मोबाइल येईपर्यंत नेहमीची होती. मोठ्या सामन्यांच्या हक्कांची पहिली संधी फुकट वाहिन्यांना देणाऱ्या कायद्याच्या आडोशाने हक्क दाबून ठेवायचे आणि सामना हवा तेव्हा दाखवायचा, ही सवय फॉक्सने मोडली. प्रत्येक सामना थेट, खेळ चालू असताना जाहिरातीविना; हे श्रेय त्यांचंच. आणि फुकट वाहिनी फुकट चालते जुगाराच्या जाहिरातींवर. खासदार पीटा मर्फी यांच्या समितीने जून 2023मध्ये एकमुखाने सांगितलं, ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद करा. वाहिन्या आणि लीग दोघांनीही हाय खाल्ली, आणि 2025च्या निवडणुकीपर्यंत तो कायदा झाला नाही. लीगला तर बेटिंगच्या उलाढालीतला वाटाही मिळतो. माझं मत विचाराल तर या जाहिराती बंद व्हाव्यात, त्यामुळे हक्कांचा भाव उतरला तर उतरू द्यावा.

तरीही बाजू मी फुकट प्रक्षेपणाचीच घेतो. कारण वाहिन्यांचं पावित्र्य नव्हे, 2018 आणि 2023 ही दोन वर्षं.

एसबीएस ही ऑस्ट्रेलियाची बहुभाषिक सरकारी वाहिनी, विश्वचषक फुटबॉलची तिथली जुनी जागा. 2018च्या विश्वचषकाचे सगळे हक्क तिच्याकडे होते. तिने ऑप्टसशी अदलाबदल केली: प्रीमियर लीगचा आठवड्याला एक सामना घेतला, आणि विश्वचषकाचे 64पैकी 25 सामने स्वतःकडे ठेवून बाकीचे ऑप्टसवर सोडले. स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्याच शनिवार-रविवारी ऑप्टसचं ॲप कोसळलं. पंधरा डॉलर भरलेली माणसं गोठलेल्या चित्राकडे बघत बसली. कंपनीचं नाव लोकांनी ‘फ्लॉप्टस’ करून टाकलं. शेवटी पंतप्रधान माल्कम टर्नबुल कंपनीच्या प्रमुखांशी बोलले. आधी दोन दिवसांसाठी आणि मग शेवटपर्यंत उरलेले सामनेही एसबीएसवर आले. लक्षात घ्या, ऑस्ट्रेलियाचे स्वतःचे सामने आणि अंतिम सामना या गोंधळातून सुटले होते, कारण ते फुकट वाहिन्यांसाठी राखलेल्या सामन्यांच्या कायदेशीर यादीत होते. जिथे कायदा होता तिथे काम झालं. जिथे नव्हता तिथे पंतप्रधानांना फोन उचलावा लागला.

आणि 2023. महिला विश्वचषक घरच्या मैदानावर, 64ही सामने ऑप्टसकडे, त्यातले 15 सेव्हनने विकत घेतलेले, त्यात ‘मटिल्डाज’ म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाचे सगळे. ब्रिस्बेनला फ्रान्सविरुद्ध उपांत्यपूर्व सामना पेनल्टींवर 7-6 सुटला. चार दिवसांनी, 16 ऑगस्टला, सिडनीत इंग्लंडविरुद्धचा उपांत्य सामना सरासरी 71 लाख लोक बघत होते. कधी ना कधी तो लावलेल्यांची संख्या एक कोटी दहा लाखांवर. देशाची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आत. 2001पासून तिथे प्रेक्षकसंख्येची जी मोजदाद चालू आहे, तिच्यातला हा सर्वांत मोठा आकडा. कर्णधार सॅम करने मध्यभागातून चेंडू नेत लांबून मारलेला गोल ज्यांनी पाहिला, त्यांतले बहुतेक फुटबॉलचे चाहते नव्हतेच. ते टीव्ही चालू होता म्हणून थांबले. वर्गणीदारांत असा माणूस सापडत नाही. वर्गणी भरतो तो आधीच भक्त असतो. ए-लीग बराच काळ पे-टीव्हीच्या भिंतीआड आणि 2021पासून बहुतांश पॅरामाउंट प्लसच्या आत राहिली. जानेवारी 2024मध्ये तिच्या चालकांना निम्मे कर्मचारी कमी करावे लागले. त्याला इतर कारणंही आहेत, पण नवा भक्त कुठून येणार याचं उत्तर भिंतीआड सापडलेलं नाही. एएफएलला हे चांगलं कळतं. 2022 साली पॅरामाउंटची बोली समोर असतानाही तिने सेव्हनला सोडलं नाही.

उरला शेवटचा आक्षेप: आता अँटेना लावतो कोण? 1990च्या दशकातली ही ‘अँटी-सायफनिंग’ यादी जुनाट झाली. अँटेनाबद्दल ते बरोबर बोलतात, आणि त्यातून उलटा निष्कर्ष काढतात. जुलै 2024मध्ये मंत्री मिशेल रोलंड यांनी कायदा सुधारला, आणि फुकट वाहिनीच्या आधी यादीतले हक्क घ्यायला स्ट्रीमिंग कंपन्यांनाही मनाई झाली. चांगलं झालं. पण संरक्षण मिळालं ते फक्त अँटेनावरून येणाऱ्या प्रक्षेपणाला. सेव्हन प्लस किंवा नाइन नाऊ या फुकट ॲपवरचा तोच सामना यादीबाहेर. म्हणजे नव्या फ्लॅटमध्ये, भिंतीत अँटेनाची सोयच नसलेल्या घरात राहणाऱ्या तरुण जोडप्याला कायद्याने काहीच दिलं नाही. सामन्यांचा सिग्नल प्रसारभारतीला देणं बंधनकारक करणाऱ्या आपल्याकडच्या 2007च्या कायद्याची हीच गत आहे: 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने तो सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरता आणि फ्री डिशपुरता बांधून टाकला, केबलवाला त्याच्याबाहेर.

तेव्हा संरक्षण अँटेनाला नको, फुकट बघण्याला हवं. यादीतला सामना अँटेनावर आणि फुकट ॲपवर एकाच वेळी. आणखी एक पळवाट बुजवायला हवी. आज यादी फुकट वाहिनीला फक्त पहिली संधी देते. वाहिनीने हक्क घेतले नाहीत तर सामन्याच्या काही काळ आधी तो यादीतून आपोआप सुटतो, आणि वाटाघाटीत कोणता दिवस कुणाला हे लीग ठरवते. सिडनीत एनआरएलचा शनिवार असाच केव्हाच फॉक्सकडे गेला. दर फेरीतले किती सामने फुकट आणि त्यांत शनिवार-रविवारचे किती, हे कायद्यातच लिहिलं पाहिजे. बाकीचे सामने, विश्लेषण, चार कॅमेऱ्यांचे कोन, जुने सामने, हे सगळं कायो आणि स्टॅनने खुशाल विकावं. ते काम ते उत्तम करतात.

घोडामैदान जवळच आहे. एनआरएलचा नाइन आणि फॉक्सटेलशी असलेला करार 2027 अखेर संपतो, आणि पीटर व्हलँडिस हे लीगचे अध्यक्ष भाव चढवण्यात कच्चे नाहीत. एएफएलचा करार 2031पर्यंत बांधलेला आहेच. कॅनबेराने दुरुस्ती एनआरएलच्या सह्यांनंतर केली, तर सिडनीच्या शनिवारसाठी तिचा उपयोग थेट त्यापुढच्या लिलावात.