उचल आणि लवाद

हा अंक हाती पडेल तोवर घनसावंगी, परतूर, मंठ्याकडच्या कितीतरी टोळ्या उसाच्या फडात पोचलेल्या असतील. ट्रॉलीत पत्रे, ताडपत्री, पिठाच्या गोण्या, त्यावर लेकरं आणि एखादी शेळी. दिवाळीचा फराळ झालाच तर कोपीत. समर्थ रामदासांच्या जांबेला हे पाहुणे येण्याचे दिवस असतात, तसे आसपासच्या वस्त्या रिकाम्या होण्याचेही.

या माणसांना गुलाम म्हणू नये. उचल, म्हणजे तोडणीआधीची आगाऊ रक्कम, मागायला ती आपल्या पायांनी जातात. आषाढात दवाखाना निघतो, लेकीचं लग्न ठरतं. बँक दारात उभं करत नाही, टोळी नेणारा मुकादम करतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. पैसे नवऱ्याच्या हातात, फेड दोघांच्या अंगावर. हंगाम सरताना हिशेब होतो, खाडे वजा जातात आणि उरलेली बाकी पुढच्या साली ओढली जाते. ती फिटेपर्यंत दुसरा मुकादम धरायची सोय नाही.

वेठबिगारी 25 ऑक्टोबर 1975 पासून वटहुकमाने बंद झाली. 1976 मध्ये कायदा आला. आणीबाणी लादणाऱ्या सरकारने वेठबिगार मोकळे करावेत हा विनोदच, पण कायदा बावनकशी आहे. आगाऊ रकमेपोटी माणसाला हवं तिथं काम करता येत नसेल, तर ते कर्ज संपलं आणि करार रद्द. आपल्याकडे मात्र उचलीचा बाँड लिहितात तोही सरकारी मुद्रांकावर!

मग तडजोड होते ती कारखानदार आणि तोडणी मजुरांच्या लवादात. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. टनाला 273 रुपयांचे 366 झाले. वाढ खरी आहे, तिला नावं ठेवणं घरी बसून सोपं. पण ठरले ते दर आणि मुकादमाचं कमिशन. उचल होती तिथंच राहिली.

अशा तडजोडी जुन्याच आहेत. ब्रिटिश पार्लमेंटने 1833 मध्ये गुलामगिरी बंद करताना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, ती मालकांना. कंपनीचा हिंदुस्थान त्या कायद्यातून वगळला. इथला कायदा 1843 चा. अमेरिकेने तर 1787 च्या घटनेत पाच गुलामांची तीन माणसं मोजून दक्षिणेच्या जागा वाढवल्या. तिथली गुलामगिरी संपायला 1865 उजाडलं, आणि 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्याच देशातल्या सज्जनांना अर्पण केलं. प्रत्येक तडजोडीत पहिली सोय बैठकीला बसलेल्यांची झाली.

आम्ही तडजोडीच्या विरोधात नाही. उद्या उचल बंद केली तर आषाढात पैसे कोण देणार, याचं उत्तर कायद्यात नाही. म्हणून पुढच्या लवादात दराआधी हे घ्या: उचल कारखान्याने थेट खात्यावर द्यावी, निम्मी बाईच्या नावावर, आणि हिशेबाची पावती दर पंधरवड्याला. कोयता अर्धा तिचा असेल तर बैठकीतली निम्मी खुर्चीही तिचीच.