धर्मपिंड

हरिहरेश्वरला दक्षिण काशी म्हणतात. तिथे पिंडदानाला बसलं की नावं घ्यायची असतात: वडील, आजोबा, पणजोबा, मग मामा, सासरे, गुरू, मित्र. शेवटी एक धर्मपिंड, ज्याचं नाव ठाऊक नाही, ज्याच्यामागे कोणी नाही त्याच्यासाठी. आपल्या सगळ्या विधींमध्ये मला हा पिंड सर्वांत मोठ्या मनाचा वाटतो. तो ठेवताना मला एक चार वर्षांची मुलगी आठवते.

तिला न्यूरोब्लास्टोमा होता. चेतापेशी घडण्याआधीच्या कोवळ्या पेशींमध्ये उद्भवणारा हा लहान मुलांचा कर्करोग. १९७० साली न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेत तिच्या अस्थिमज्जेतल्या पेशी घेऊन वाढवल्या गेल्या. जून बीडलर आणि सहकाऱ्यांनी त्यांतून तीनदा निवड करून १९७८मध्ये ‘एसएच-एसवाय५वाय’ ही सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढत राहणारा पेशींचा वंश, जगापुढे ठेवली. पूर्ण वाढलेली चेतापेशी विभागत नाही, म्हणून ती हवी तेवढी वाढवता येत नाही. या पेशी मात्र विभागतात, आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून मिळणारं रेटिनॉइक आम्ल काही दिवस दिलं की विभागणं मंदावून त्यांना लांब, बारीक तंतू फुटतात. डोपामिन बनवण्याची यंत्रणाही त्यांच्यात असते. म्हणूनच कंपवातावरचं कितीतरी संशोधन या मुलीच्या पेशींवर उभं आहे.

महाराष्ट्राचं पेशी वाढवण्याच्या या विद्येशी जुनं नातं आहे. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी कर्करुग्ण महिलेच्या पेशी १९५१मध्ये ज्यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या, त्या जॉर्ज गाय यांच्याकडे काम करून कमल रणदिवे परतल्या आणि मुंबईत त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. आज पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभर सेल लाइन पुरवल्या जातात. लॅक्स यांच्या घरच्यांना मात्र त्यांच्या पेशींचा पत्ता लागायला वीसहून अधिक वर्षं गेली.

त्या मुलीचं नाव शोधावं असं मी म्हणत नाही. ते तिच्या घरच्यांचं आहे. पण प्रबंधात ‘एसएच-एसवाय५वाय पेशी वापरल्या’ एवढंच लिहिलेलं असेल, तर परीक्षकांनी तो परत पाठवावा. पेशी कोणाच्या, कोणत्या आजाराच्या, कितव्यांदा वाढवलेल्या, त्यांची डीएनए ओळख कधी तपासली, हे लिहायलाच हवं. यात शास्त्राचंही हित आहे. नावाच्या शेवटी ‘वाय’ असला तरी या पेशी मुलीच्या आहेत, त्यांत वाय गुणसूत्र नाही. त्या कर्करोगातून आल्या आहेत, त्यामुळे तंतू फुटले तरी निरोगी मेंदूतल्या चेतापेशीची बरोबरी त्या करत नाहीत. हे विसरून काढलेला निष्कर्ष औषधाच्या वाटेवर रुग्णाला महागात पडू शकतो.

नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी निर्जंतुक कपाटात हात कसे ठेवायचे, माध्यम कधी बदलायचं, सूक्ष्मदर्शकाखाली काय पाहायचं, हे सगळं शिकवतात. त्याच दिवशी, पेशींची बशी त्याच्या हातात देण्याआधी, या पेशी एका चार वर्षांच्या मुलीच्या आहेत हेही सांगावं.