ठोके देणाऱ्या गाठीला चिरा नको

वारंवार टोचून हाताच्या शिरा निकामी झाल्या, की सुईने नशा करणारे जांघेतील शीर शोधू लागतात. तिच्या शेजारीच पायाची मुख्य धमनी असते. सुई चुकून धमनीला लागली, तर छिद्रातून रक्त बाहेर येते आणि भोवती साचून गाठ बनते. यालाच स्यूडोॲन्युरिझम म्हणतात. अस्वच्छ सुईमुळे त्यात जंतुसंसर्गही होतो.

ही गाठ गळवासारखीच लाल, गरम आणि दुखरी असते. मात्र बहुधा नाडीसारखे ठोके देते. गळू समजून चिरा दिला, तर अतिरक्तस्रावाने रुग्ण दगावू शकतो. म्हणूनच जांघेतील गाठ कापण्यापूर्वी कलर डॉपलर तपासणी व्हायलाच हवी.

शस्त्रक्रियेत सडलेला भाग काढून बहुधा धमनी बांधली जाते. आजूबाजूच्या लहान रक्तवाहिन्या बहुतेकदा पाय जगवतात. काहींना चालताना पोटरी दुखते, तर काहींचा पाय कापावा लागतो. कृत्रिम नळी बसवल्यास तिलाही संसर्गाचा धोका असतो.

२०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात. पोलिसांची भीती आणि लाज यांमुळे अनेक जण रुग्णालयात उशिरा येतात. तिथेही हेटाळणी झाली, तर ते पुन्हा फिरकत नाहीत. केवळ टाके घालून त्यांना घरी धाडणे म्हणजे अर्धाच उपचार. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आणि समुपदेशन तिथूनच सुरू व्हायला हवे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे. प्रत्येक शस्त्रक्रिया विभागात हा क्रमांक ठळक लावलेला असावा.