बंद खिडक्या आणि खारे पाणी

पर्युषणात दौंडला भाचीकडे गेलो होतो. घर पाहुण्यांनी भरलेले, बाहेर पाऊस, खिडक्या बंद. दिवाणखान्यात तिच्या मुलाची खाऱ्या पाण्याची टाकी. मासे, शंख आणि लहान खेकडे. (प्रवाळ नाही ना, हे मी आधी विचारले. आपल्या समुद्रातील प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.)

सकाळी पाण्याचा सामू ७.७ भरत असे. समुद्रात तो साधारण ८.१ असतो. शंखांच्या कवचांना असे पाणी मानवत नाही. "ही जीवहिंसा घरात नको, भीमेत सोडा," असे भाचीच्या सासूबाईंचे म्हणणे. परंतु समुद्राचे जीव नदीच्या गोड्या पाण्यात जगणार कसे?

दुकानदाराने सामू वाढवण्याची पूड दिली होती; ती मी टाकू दिली नाही. आधी क्षारता मोजली, ती योग्य निघाली. म्हणजे दोष हवेचा. माणसांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड बंद घरात साठतो आणि पाण्यात विरघळून आम्ल बनतो. रात्री शेवाळही तो शोषत नाही, म्हणून पहाटेचा आकडा सर्वांत कमी. खात्रीसाठी पेलाभर पाणी गच्चीच्या छपराखाली नेऊन त्यात तासभर पंपाने हवा सोडली. सामू ८.१!

मग टाकीतला फेस काढणाऱ्या यंत्राची हवेची नळी खिडकीबाहेर काढली आणि मुलाला रोज दोन वेळच्या नोंदींची वही घालून दिली. बँकेतली सवय, दुसरे काय. संवत्सरीच्या सकाळी वहीत ८.० होते. आता नवा जीव आणायचा नाही, असे सासूबाईंनी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे. तेही मला पटते.