सीमापार विद्यार्थ्याचा वाली कोण?

रामटेकच्या गडावर कालिदासाचे स्मारक आहे. ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादन केले आणि विदर्भाने ते मनोमन स्वीकारले. त्या काव्यातील यक्ष कर्तव्यात चुकला म्हणून वर्षभरासाठी हद्दपार झाला; परंतु शापाची मुदत त्याला ठाऊक होती. आठ महिने सरले, चार उरले, असा हिशेब तो करू शकत होता. कोरोनाच्या साथीत परदेशी विद्यापीठांत नाव घातलेल्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलेली ताटातूट याहून कठोर होती. त्यांचा अपराध काही नव्हता आणि मुदत कोणी सांगत नव्हते.

चीनमध्ये वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचेच उदाहरण घ्यावे. साथ आली तेव्हा तेथील विद्यापीठांत सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतील बहुसंख्य वैद्यकीय शाखेचे. फेब्रुवारी २०२० च्या आरंभी एअर इंडियाच्या दोन विमानांनी वुहानहून ६४७ भारतीयांना सुखरूप मायदेशी आणले. ही कामगिरी निःसंशय स्तुत्य होती. पण विद्यार्थ्याला घरी आणणे हे अर्धेच कर्तव्य होय; त्याचे शिक्षण पुढे चालू राहील हे पाहणे, हा उरलेला अर्धा भाग. तेथेच व्यवस्था थिटी पडली. २८ मार्च २०२० पासून चीनने परदेशी नागरिकांना दारे बंद केली आणि भारतीय विद्यार्थ्यांसाठी ती पुन्हा किलकिली झाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातील निम्मा काळ असा गेला.

या अडीच वर्षांत शिकवणे चालू होते, पण मोबाइलच्या पडद्यावर. बीजिंगमधील सकाळी आठचा तास म्हणजे भारतातील पहाटेचे साडेपाच. एरवी उजाडण्यापूर्वी उठून अभ्यास करणे हे विद्यार्थ्याला भूषणच; परंतु शवविच्छेदन पडद्यावर पाहून हात तयार होत नाही आणि रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहिल्यावाचून निदान साधत नाही. म्हणूनच केवळ ऑनलाइन घेतलेले वैद्यकीय शिक्षण ग्राह्य धरणार नाही, ही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची भूमिका तत्त्वतः चूक म्हणता येणार नाही. रोग्याच्या जिवाशी तडजोड करता येत नाही. दोष आहे तो वेळेचा. आयोगाने हा इशारा ठळकपणे दिला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांनी दोन वर्षांचे शुल्क भरून झाल्यावर. पुढे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातले, तेव्हा जुलै २०२२ मध्ये योजना निघाली. ३० जून २०२२ पर्यंत ज्यांना अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळाले, अशा अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना चाळणी परीक्षेस बसण्याची मुभा मिळाली. मात्र नंतरची आंतरवासिता एकाऐवजी दोन वर्षांची झाली. जो मार्ग न्यायालयाच्या दारातून गेल्यावर सापडतो, तो आधीच का सापडू नये?

अन्य देशांचे वर्तनही उद्‌बोधक आहे. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी एप्रिल २०२० मध्ये, स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनी मायदेशी परतावे, असे सुनावले. ज्यांच्या शुल्कावर तेथील विद्यापीठे पोसली जात होती, त्यांनाच हा निरोप होता. अमेरिकेने ६ जुलै २०२० रोजी, ज्यांचे सर्व वर्ग ऑनलाइन असतील त्यांना देश सोडावा लागेल, असा आदेश काढला. हार्वर्ड व एम.आय.टी. या संस्था न्यायालयात गेल्या आणि आठवड्याभरात तो मागे घ्यावा लागला. उलट कॅनडाने मायदेशी राहून केलेला अभ्यासही पदवीनंतरच्या कामाच्या परवान्यासाठी ग्राह्य धरण्याची सवलत दिली. साथ सर्वत्र एकच होती. फरक होता तो धोरणाचा.

साथ ओसरली आणि लोक सारे विसरले. शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या भारतीयांची संख्या २०१९ मध्ये सुमारे ५ लाख ८६ हजार होती. २०२० मध्ये ती २ लाख ६० हजारांच्या आत आली आणि २०२२ मध्ये साडेसात लाखांवर गेली. हा ओघ केवळ हौसेचा नव्हे. २०२० च्या ‘नीट’ परीक्षेसाठी जवळजवळ १६ लाख अर्ज होते आणि देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्याही आत होत्या. शासकीय जागा हुकली की खासगी महाविद्यालयाचे शुल्क शिक्षकाला वा कारकुनाला झेपत नाही. मग भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून, उरलेले बँकेचे कर्ज करून मुलाला दूरदेशी धाडले जाते. साथीच्या काळात कर्जाचे हप्ते सहा महिने थांबवण्याची सोय झाली. व्याज थांबले नाही.

येथे एक आक्षेप न्याय्यपणे घेतला जातो. देशातील प्रवेशपरीक्षेत मागे पडलेल्यांना संकटाच्या निमित्ताने येथील महाविद्यालयांत बसवले, तर गुणवत्तेने जागा न मिळालेल्या पण घरीच राहिलेल्या विद्यार्थ्यांवर अन्याय होईल. हा आक्षेप खरा आहे. परंतु मागणी पदवीच्या जागेची नाही. जिल्हा रुग्णालयांत देखरेखीखाली प्रात्यक्षिकाची तात्पुरती सोय करणे आणि त्याची नोंद परदेशी विद्यापीठाने मानावी असा करार करणे, यात कोणाची जागा हिरावली जात नाही. युक्रेनमधील युद्धानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये, तेथील विद्यार्थ्यांना अन्य देशांतील विद्यापीठांत शिक्षण पूर्ण करू देण्यास आयोगाने संमती दिलीच होती. म्हणजे वाट काढता येते. ती संकटापूर्वी आखलेली नसते, इतकेच.

म्हणून तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, सीमा बंद झाल्यास अध्यापन, प्रात्यक्षिक व शुल्क यांचे काय होईल, याचे लेखी कलम विद्यापीठ आणि विद्यार्थी यांच्यातील करारात असावे आणि प्रवेश जुळवून देणाऱ्या दलालांनाही ते बंधनकारक असावे. दुसरी, कोणते ऑनलाइन शिक्षण चालेल व कोणते नाही, हे नियामक संस्थांनी आधीच जाहीर करावे. तिसरी, साथीच्या काळातील शैक्षणिक कर्जाचे व्याज शासनाने सोसावे.

हाच न्याय येथे येणाऱ्यांनाही लागू व्हावा. २०१९-२० मध्ये भारतात ४९,३४८ परदेशी विद्यार्थी होते. २०२१-२२ मध्ये ते ४६,८७८ उरले. रामटेकमध्ये १९९७ पासून कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे आणि येथील वाकाटककालीन अवशेषांचा अभ्यास नेदरलँड्सच्या हान्स बक्कर यांच्यासारख्या विद्वानांनी केला आहे. ज्ञानासाठी माणसे दोन्ही दिशांनी प्रवास करतात. त्यांच्या सुरक्षिततेची हमी मागणाऱ्या देशाने ती देण्याचीही तयारी ठेवली पाहिजे.

यक्षाने आपला निरोप मेघाच्या हाती दिला, कारण त्याच्यापाशी दुसरे साधन नव्हते. शासनापाशी दूतावास आहेत, आयोग आहेत, करार करण्याचा अधिकार आहे. पुढची साथ येण्यापूर्वी ही साधने कामाला लागली नाहीत, तर त्याचा दोष विषाणूवर ढकलता येणार नाही.