बॅरी बिचारा?

‘बॅरी’ बघितलेल्यांत दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, “बिचारा सुधारायला बघतोय, लोकच सुधारू देत नाहीत.” दुसरी म्हणते, “अरे, खुनी आहे तो!” आपण दुसऱ्या पार्टीत.

एचबीओवर २०१८ ते २०२३ चाललेली ही मालिका. सुपारी घेऊन माणसं मारणारा माजी सैनिक लॉस एंजेलिसला येतो अन् चक्क अभिनयाच्या क्लासला बसतो! बिल हेडर असा काही भोळा चेहरा करतो की हसता हसता आपण कधी त्याच्या बाजूचे झालो, कळतच नाही. पहिल्याच सीझनमध्ये तो ख्रिसला, स्वतःच्या मित्राला, गाडीत गोळी घालतो. का, तर तो तोंड उघडेल म्हणून. ख्रिसच्या घरी बायको, लहान पोर. आणि आपल्याला काळजी कसली, तर बॅरी सापडेल का! कॅमेरा बॅरीसोबत फिरतो ना राव.

शेवटी शेवटी विनोद आटला अशी तक्रार असते. मला तर शेवटच आवडला. (न पाहिलेल्यांनी इथेच थांबा!) बॅरीवर सिनेमा निघतो, त्यात तो हीरो, अन् ज्यांची प्रेयसी त्यानं मारली ते त्याचे मास्तर व्हिलन. बॅरीचा मुलगा तो सिनेमा बघतो आणि खूश होतो. पहिल्या पार्टीला हवा होता, अगदी तसाच सिनेमा.